पांढऱ्या दोऱ्याच्या कोंबड्या

"काय हाय?" आप्पांनी विचारलं.

"मादी."

"चूक."

माझ्या मुठीतलं पिलू त्यांनी ओढून घेतलं आणि नरांच्या क्रेटमध्ये टाकलं. त्याच्या आधीचंही चूक होतं, त्याच्याही आधीचं. मी पुढचं पिलू उचललं. डाव्या मुठीत धरायचं, पोट हलकेच दाबून घाण डब्यात पाडायची, अंगठ्यानं मागची बाजू उघडायची आणि बल्बखाली बघायचं. आत मोहरीहून बारीक उंचवटा दिसला तर नर, नाही दिसला तर मादी. ऐकायला सोपं आहे. पण काही माद्यांनाही तसाच फसवा उंचवटा असतो आणि बघायला मिळतो तो क्षणभर. जास्त वेळ दाबून धरलं की पिलू मरतं.

"काय हाय?"

"मादी."

"चूक. डोळं हाईत का बटनं?"

शेजारच्या टेबलावर पिलांना लस टोचणाऱ्या बायका हसल्या. त्यांचंही बरोबर होतं म्हणा. दिवसभर पिलांच्या चिवचिवाटात उभं राहायचं म्हणजे कुणाची तरी गंमत हवीच, आणि त्या वर्षी ती गंमत मी होते.

विट्याच्या रस्त्यावर आमची हॅचरी होती. अंड्यांच्या कोंबड्यांची. माद्या शेतकऱ्यांच्या पोल्ट्रीत जायच्या. नर अंडी देत नाहीत आणि या जातीचे नर अंगाला मांसही धरत नाहीत, म्हणून अंड्यातून बाहेर आल्या दिवशीच ते वेगळे काढायचे. या कामाला इंग्रजीत 'सेक्सिंग' म्हणतात, ते नाव गावात सांगण्यासारखं नव्हतं. सासूबाईंनी एकदा विचारलं तेव्हा मी 'निवड' असं सांगितलं. त्यांना वाटलं, मी तिथे धान्य निवडते.

त्याआधी कित्येक वर्षं मी तिथे अंड्यांचे ट्रे धुवत होते. मग डॉक्टर इनामदार मॅडमनी, म्हणजे हॅचरीच्या मॅनेजरनी, माझी बोटं बघितली आणि मला आप्पा थोरबोल्यांच्या हाताखाली बसवलं. वर्षभरात हात बसला तर कायम करू, असं त्या म्हणाल्या. नाही बसला तर? तर ट्रे धुण्याची जागाही आता भरलेली होती. नवऱ्याचं दूध संकलन केंद्र त्याच साली बंद पडलं होतं. घरात पगार यायचा तो माझा एकटीचा, आणि तो आप्पांच्या एका शब्दावर टांगलेला होता.

आप्पा वीस वर्षं निवड करत होते. त्यांच्याशिवाय हॅचरीत ते काम कुणाला येत नव्हतं, आणि ही गोष्ट ते कुणाला विसरू देत नसत. आजही मी त्यांना अहो-जाहोच करते. ती जिभेची सवय आहे, आदर नाही.

हे काम पुस्तकातून येत नाही आणि समजावूनही सांगता येत नाही. जाणत्या माणसाशेजारी बसायचं. आपण पिलू बघून बोलायचं, त्यानं 'बरोबर' किंवा 'चूक' एवढंच म्हणायचं. असं हजारो वेळा झालं की एक दिवस डोळ्याला आपोआप कळायला लागतं. कसं कळलं ते स्वतःलाही सांगता येत नाही. मोठ्या माणसाला शिकायची ही एवढीच वाट, आणि ती वाट त्या एका शब्दाच्या खरेपणावर उभी असते. मी आता लोकांना शिकवते तेव्हा पहिल्या दिवसापासून पिलू कापून दाखवते. माझ्या शब्दावर विश्वास ठेवा असं मी कुणालाही सांगत नाही.

दिवाळीनंतर मी बसायला लागले. पहिले दोन महिने नुसती चाचपडत होते. मग 'बरोबर' वाढत गेले. संक्रांतीच्या सुमारास मला स्वतःला जाणवलं, की आता दिसतंय. पिलू उघडलं की मनात उत्तर तयार असायचं. आणि नेमकं तेव्हापासून आप्पांचे 'चूक' वाढले. जितकं मला स्वच्छ दिसायला लागलं, तितकी मी जास्त चुकायला लागले.

मी काही भोळी नव्हते. आप्पांच्या पुतण्याचा अर्ज ऑफिसात पडून आहे हे सगळ्या हॅचरीला ठाऊक होतं. मी नापास झाले की ती जागा त्याची. मी मॅडमकडे गेले आणि म्हणाले, दहा-वीस पिलं कापून बघा, माझं बरोबर निघतं की आप्पांचं. कापलं की शंकाच राहत नाही. नराच्या पाठीच्या कण्याला लागून तांदळाच्या दाण्याएवढ्या दोन गोळ्या असतात. मॅडमनी कागदावरून मान वर केली नाही. मादी निघाली तर एक विकायची मादी वाया गेली, असं म्हणाल्या. आणि आप्पांचा शब्द हॅचरीला पुरेसा आहे, असंही म्हणाल्या.

मग मी नोकरी जाईल असं काम केलं.

हॅचरीचा एक नियम फार कडक होता. तिथे काम करणाऱ्याच्या घरी एकही कोंबडी असता कामा नये. घरच्या पक्ष्याचा रोग आपल्या अंगावरून आत आला तर लाखभर पिलं मरतात. रोज फाटकात आंघोळ करून, कपडे बदलूनच आम्ही आत जायचो. नियम खरा होता, त्यात माझं काही म्हणणं नाही. पण पिलू मोठं झालं की ते नर आहे की मादी हे कुणाच्या शब्दावर अवलंबून राहत नाही. तुराच सांगतो.

नरांचे क्रेट मुबारकभाई घेऊन जायचे आणि त्यातली काही पिलं रंगवून बाजारात विकायचे. मी ज्यांना मादी म्हणायचे आणि आप्पा चूक म्हणून नरांत टाकायचे, त्यातल्या काहींच्या पायाला मी लसीच्या टेबलावरची निळी शाई लावत गेले. संध्याकाळी ती पिलं मुबारकभाईंकडून विकत घ्यायची. शिवाय आप्पांच्या स्वतःच्या टेबलाखालचा नरांचा क्रेट वेगळा असे. त्यातलीही मूठभर पिलं घेतली. ती का घेतली? कारण मला पुरावा पक्का हवा होता. तिथे आप्पा एकटे निवडायचे, तिथे खोटं बोलायचं त्यांना काही कारण नव्हतं. ते सगळे नर निघतील, माझ्या निळ्या शाईच्या माद्या निघतील, आणि हा माणूस फक्त माझ्याशी खोटं बोलतो हे लख्ख दिसेल.

घरामागच्या गोठ्यात गाय नव्हतीच. तिथे बल्ब लावून नवऱ्यानं जाळी ठोकली. माझ्या पिलांच्या पायात लाल दोरा बांधला, आप्पांच्या पिलांच्या पायात पांढरा. पाय जाड होत तसे दोरे सैल करून पुन्हा बांधायचे.

गुढीपाडव्याच्या आसपास तुरे कळू लागले. लाल दोऱ्याच्या एक-दोन सोडल्या तर साऱ्या माद्या होत्या. मी गोठ्यात उकिडवी बसून रडले. आनंदाचं रडू होतं ते, खोटं कशाला सांगू. मग माझं लक्ष पांढऱ्या दोऱ्यांकडे गेलं. त्यातले निम्मे नर होते, आणि निम्म्या माद्या.

हे मला उलगडेना. माणूस स्वतःशीच खोटं कशाला बोलेल? शेवटी मी मनाशी ठरवलं, की मुबारकभाईंनी क्रेट बदलले असणार. मला आप्पा खोटारडेच हवे होते. रागाला एकदा जागा सापडली की तो तिथून हलायला तयार नसतो.

पण सांगू कुणाला? तोंड उघडलं की घरात पक्षी ठेवले हे आधी कबूल करावं लागणार. मी गप्प बसले आणि रोज त्यांच्या शेजारी बसून 'चूक' ऐकत राहिले. फक्त ते मनाला लावून घ्यायचं थांबवलं. हात चालू ठेवला. माझं उत्तर मी मनात पक्कं करायचे, मग ते काहीही म्हणोत.

मे संपता संपता तक्रार आली. भाळवणीकडचे शंकर बाबर नावाचे शेतकरी होते. त्यांच्या माद्यांच्या लॉटमध्ये नर आरवायला लागले होते, दोन-चार नव्हे, पोल्ट्रीभर. आप्पांनी मॅडमना सांगितलं, की तो लॉट खराडेबाईच्या, म्हणजे माझ्या, टेबलावरचा. सोमवारी बाबर येणार होते, तेव्हा बोलू, असं मॅडम मला म्हणाल्या. बोलू म्हणजे काय ते मला कळत होतं.

रविवारी दुपारी मी गोठ्यात होते. दारात सावली पडली म्हणून वळले, तर आप्पा.

"मुबारकनं सांगितलं, खराडीन पिल्लं नेती म्हणून," ते म्हणाले. "म्हटलं बघावं तरी."

ते आत आले, जाळीचं दार उघडलं आणि एका कोंबडीला सफाईनं पंखाखाली धरलं. हात मात्र तयारीचा होता. त्यांनी अंगठ्यानं तुरा चाचपला, पोटाखाली बोटं घातली.

"अंड्यावर आलीया," ते म्हणाले. "चांगली सांभाळलीस. उद्या मॅडमना सांगतो. बाबरच्या तक्रारीचं बघायची गरजच न्हाई मग."

"सांगा," मी म्हणाले. "आणि हेही सांगा, की लाल दोऱ्याच्या सगळ्या मी मादी म्हणाले होते आणि तुम्ही चूक म्हणाला होता. पांढऱ्या दोऱ्याच्या तुमच्या स्वतःच्या टेबलाखालच्या आहेत. नर म्हणून टाकलेल्या."

ते हसायच्या बेतात होते, ते थांबले.

"पांढऱ्या दोऱ्याची कुठली?"

मला आधी वाटलं, वेड पांघरतायत. मग मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. कोंबडी त्यांनी नाकाजवळ आणली होती. तिचे पाय लोंबत होते, दोरा त्यांच्या डोळ्यांपासून वीतभर लांब होता, आणि भरदुपारचं ऊन दारातून त्यावर पडलेलं होतं.

"तुमच्या हातात आहे ती," मी म्हणाले.

आप्पांनी बोटांनी तिचा पाय शोधला. दोरा सापडला. त्यांनी तो चिमटीत धरून ठेवला, बराच वेळ.

तेव्हा मला कळलं. या माणसाला दिसत नव्हतं. मुबारकभाईंनी क्रेट बदलले नव्हते. आप्पा माझ्याशी खोटं बोलत नव्हते, त्यांना ठाऊकच नव्हतं. पिलू उघडून ते बल्बखाली धरायचे आणि मनाला येईल ते बोलायचे. मधूनमधून 'चूक' म्हटलं नाही तर उस्ताद कसले, म्हणून चूक म्हणायचे. नजर हळूहळू गेली असणार; मी बसायला लागले तेव्हा थोडंफार दिसत होतं म्हणून माझा हात बसला, आणि संक्रांतीपासून तेही गेलं.

लोकांना वाटतं, अशा वेळी दया येते. मला आली नाही. माझा राग उलट दुप्पट झाला. खोटं बोलणाऱ्याला निदान खरं काय ते माहीत असतं. या माणसाला काहीच माहीत नव्हतं, आणि त्या काहीच नसण्यावर तो माझ्या पोराबाळांचा घास काढून घेणार होता.

"मोतीबिंदू आहे का?" मी विचारलं.

"तुला काय करायचंय?"

"काढून का घेत नाही?"

"माझ्या भावानं काढून घेतला. एक डोळा कायमचा गेला त्याचा." त्यांनी कोंबडी खाली सोडली आणि धोतराला हात पुसले. मग आवाज बदलला. इतका मऊ आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता, आणि तो मला 'चूक'पेक्षाही नकोसा वाटला. "ऐक खराडे. माझी नोकरीची तीन वर्षं राहिल्यात. तू शेजारी बस. तू हळूच सांगायचं, मी मोठ्यानं बोलायचं. बाबरचं मी निस्तरतो, उद्याच तुला कायम करायला लावतो. ह्या कोंबड्या मी बघितल्याच न्हाईत."

नवरा परसात उभा राहून ऐकत होता. त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि त्याच्या मनात काय आहे ते मला वाचता आलं. हो म्हण. त्याचं चुकत नव्हतं. घरात तेल संपलेलं होतं, पोरीची शाळा सुरू व्हायची होती. मला फक्त मान हलवायची होती.

"आप्पा," मी म्हणाले, "सात महिने सगळ्या बायकांसमोर तुम्ही मला आंधळी म्हणालात."

"मग काय माझी आब्रू घालवणार?"

"तुमची तुम्ही सांभाळा."

"मग मी बी बोलणार. दोघं बी घरी बसू."

"बसू," मी म्हणाले.

ते गेल्यावर नवऱ्यानं जाळीचं दार लावून घेतलं. मग एवढंच म्हणाला, की तुझा स्वभाव एक दिवस आपल्याला भिकेला लावणार.

सोमवारी ऑफिसात आप्पाच आधी बोलले. बाबर खुर्चीत बसलेले, मॅडम टेबलामागे. खराडेबाई घरी पक्षी पाळते, मी डोळ्यांनी बघितलंय, असं आप्पा म्हणाले. डोळ्यांनी, असं म्हणाले ते. मॅडमनी मला विचारलं आणि मी हो म्हणाले. का पाळले तेही सांगितलं, लाल दोरा, पांढरा दोरा, सगळं. आप्पांना दिसत नाही, असंही सांगितलं.

मॅडमचा चेहरा दगडी होता. माझं ऐकून त्या काय करणार होत्या ते मला अजून माहीत नाही. बोलले ते बाबर.

"मॅडम, ही बाई खोटं बोलती का हे म्हातारं, मला काय करायचंय. माझी पोल्ट्री कोंबड्यांनी न्हाई, कोंबड्यांच्या नवऱ्यांनी भरलीया. आज ताजी पिल्लं आल्यात न्हवं? दोघांना बसवा. माझ्या म्होरं कापा. कापलेल्याचे पैसे माझ्या नावावर घाला."

गिऱ्हाइकासमोर मॅडमना नाही म्हणता आलं नाही.

आप्पांना तेव्हाही उठून जाता आलं असतं. माझ्याबरोबर परीक्षेला बसणार नाही, एवढं म्हणून अपमान झाल्यासारखं दाखवता आलं असतं. पण लसीच्या टेबलावरच्या बायका हातातलं काम थांबवून बघत होत्या आणि त्यांच्यासमोरून चालत जायला ते तयार नव्हते. त्यांनी अ‍ॅप्रन घातला, बल्ब जवळ ओढला आणि बसले.

मी त्यांच्याकडे बघितलं नाही. माझी पिलं उचलत गेले, बोलत गेले. मॅडम स्वतः कात्रीनं एकेक पिलू उघडत होत्या. माझी एका रांगेत, आप्पांची दुसऱ्या. माझ्या रांगेत एकच चुकलं. आप्पांच्या रांगेत, नाणं उडवून जितकी बरोबर आली असती तितकीच आली. बायकांपैकी कुणी हसलं नाही. मला वाटत होतं, हसावं कुणीतरी.

आप्पांना त्याच दिवशी घरी पाठवलं. वीस वर्षांचा माणूस, निरोप नाही, शाल-नारळ नाही. ते फाटकाबाहेर पडले तेव्हा मॅडम माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, आता म्हणतील, बाई, चुकलं आमचं.

"नियम तो नियम," त्या म्हणाल्या. "घरातले सगळे पक्षी आज संध्याकाळपर्यंत संपले पाहिजेत. गोठा चुन्यानं धुवायचा. माझा माणूस येऊन बघून जाईल. मग पंधरा दिवस घरी राहायचं, आणि नंतर कायम म्हणून कामावर यायचं. एक जरी पक्षी राहिला तर येऊ नका."

मी घरी आले. विकून टाकू, असं नवरा म्हणाला. अंड्यावर आलेल्या कोंबड्या, कुणीही नेल्या असत्या. पण मॅडमचा शब्द 'संपले पाहिजेत' असा होता, आणि त्या नोकरीत आता मी शब्दाला शब्द धरून राहणार होते. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघांनी मिळून त्या कापल्या. मी त्यांना एकेक करून धरत होते. हाताला सवय होती तरी जड गेलं. शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटून टाकल्या.

पांढऱ्या दोऱ्याची शेवटची कोंबडी मी ठेवून घेतली. तिला साफ करायला पोट उघडलं तर आत अंड्यांचा घोस होता. पिवळेधमक बलक, मोठ्यापासून बारीक होत गेलेले, सगळ्यांत पुढचं तर कवच धरायच्या बेतात. उद्या-परवा तिनं पहिलं अंडं दिलं असतं. हिला आप्पांनी नर म्हणून टाकलं होतं.

मी तिचा रस्सा केला. तिखट व्यवस्थित घातलं, खोबरं भाजून वाटलं, पाहुण्याला करतात तसं केलं. तो बलकांचा घोस न मोडता शिजवला आणि डब्यात अगदी वर ठेवला. मग नवऱ्याला म्हणाले, हा डबा आप्पा थोरबोल्यांच्या घरी देऊन या.

"काय सांगू?" त्यानं विचारलं.

"काही सांगू नका. खराडिणीनं पाठवलाय म्हणा."

त्यांना दिसलं नसतं, पण बोटांना कळणार होतं. कोंबडीच्या पोटात काय असतं ते त्यांच्या बोटांइतकं कुणाला कळणार?

आमच्याकडे कुणाचाही डबा रिकामा परत करत नाहीत. भांडण असलं तरी नाही. घरात काहीच नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात.

तिसऱ्या दिवशी थोरबोल्यांची सून डबा घेऊन आली. दारातूनच तिनं तो माझ्या हातात दिला आणि पाणीही न घेता निघून गेली. मी झाकण उघडलं. डबा घासूनपुसून लख्ख केलेला होता, आणि आत काही नव्हतं.

मला फार बरं वाटलं. साखरेचा एक दाणा जरी असता, तरी मला त्या माणसाला माफ करावं लागलं असतं.